मेसमधल्या त्या वादाबद्दल

प्रिय बाळा,

तुझा लांबलचक मेसेज दोनदा वाचला. मेसमध्ये मित्रांनी घेरल्यावर तू ठणकावून सांगितलंस, 'बिग बँग एका कॅथलिक फादरनीच मांडला, म्हणजे बायबलमधला उत्पत्तीचा पहिला अध्याय सिद्ध झाला.' अर्धं वाक्य खरं आहे. उरलेल्या अर्ध्याला खुद्द त्या फादरांनीच लांबून हात जोडले असते.

जॉर्ज लमेत्र, बेल्जियमचे. १९२३ मध्ये त्यांना गुरुदीक्षा मिळाली, म्हणजे ते फादर झाले. १९२७ मध्ये त्यांनी आइनस्टाइनच्याच समीकरणांतून प्रसरण पावणारं विश्व मांडलं, आणि आइनस्टाइनकडून ऐकून घेतलं की गणित ठीक, पण भौतिकशास्त्र भयंकर! पुढे १९३१ मध्ये 'आद्य अणू'ची, म्हणजे सगळं विश्व एकाच अणूतून सुरू झालं ही कल्पना आली; तोच पुढचा बिग बँग, महास्फोट. १९५१ साली पोप बारावे पायस यांनी भाषणात या संशोधनाचा संबंध 'प्रकाश होवो'शी जोडला. दुसरा कुणी असता तर हरखला असता. लमेत्र अस्वस्थ झाले. आपला सिद्धान्त धर्माच्या प्रश्नाबाहेरचा आहे, असं ते सांगत राहिले. पुढच्या वर्षी खगोलशास्त्रज्ञांसमोर बोलताना पोपनी तो धागा पुन्हा उचलला नाही.

लमेत्र का अस्वस्थ झाले असतील? आपल्या नारळीकरांचंच बघ. ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांच्यासोबत ते आयुष्यभर महास्फोटाला पर्याय शोधत राहिले. उद्या त्यांचं म्हणणं बरोबर ठरलं, विश्वाला आरंभच नव्हता असं निघालं, तर तू मिस्साला जाणं सोडणार का? तेराव्या शतकात चर्चचे धर्मपंडित थॉमस अक्वायनस यांनी याचा विचार करून ठेवलाय. जगाला सुरुवात आहे हे नुसत्या तर्कानं सिद्ध होत नाही, ते आपण श्रद्धेनं मानतो, असं त्यांचं मत. आणि जग अनादि असतं तरी त्याचं असणं देवावरच टेकलेलं राहिलं असतं.

चर्चमधली पेटी आठव. डाव्या हातानं भाता हलवतोस तोवर सूर आहे. सूर कधी सुरू झाला, हा प्रश्न वेगळा. आत्ता या क्षणी तो कशावर चाललाय, हा वेगळा. निर्मिती म्हणतो तेव्हा आपण दुसऱ्या प्रश्नाबद्दल बोलत असतो. तिथे दुर्बीण पोचत नाही. पण म्हणून दुर्बिणीला नावं ठेवायचं कारणही नाही.

हे शहाणपण मला उशिरा आलं. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी वर्गात ऐटीत सांगितलं होतं की उष्मागतिकीच्या दुसऱ्या नियमामुळे (बाहेरून ऊर्जा न मिळणाऱ्या व्यवस्थेत अव्यवस्था कमी होत नाही) उत्क्रांती अशक्य ठरते. मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "सर, पण पृथ्वीला सूर्याकडून ऊर्जा मिळतेच की." माझ्या हातातला खडू तसाच राहिला. त्या दिवशी माझ्यामुळे येशूची बाजू लंगडी पडली, तिच्यामुळे नाही.

तेव्हा मित्रांना सांगून टाक, की बिग बँगचा पुरावा म्हणून वापर केला ते चुकलं. मान खाली जाईल, जाऊ दे. येशूच्या पुनरुत्थानाबद्दल विचारलं तर मात्र मागे हटू नकोस. ती घडलेली गोष्ट म्हणून आपण मानतो, आणि तिथे साक्षीदारांबद्दल बोलावं लागतं, प्रयोगशाळेबद्दल नाही.

तुझ्या रूममेटचा शेवटचा प्रश्न, की उत्क्रांतीत कोट्यवधी वर्षं जीव एकमेकांना फाडून खात आले ते देवाला कसं बघवलं, हा खरा अवघड. माझ्याकडे त्याचं तयार उत्तर नाही. नाताळात येशील तेव्हा त्यालाही घेऊन ये. काकू नाताळचे फुगे तळणारच आहे.

तुझा,
सर