तुमचे प्रश्न: उसानं अख्खं बेट बोडकं झालं, हे खरं का?

प्रश्न: वडणग्याजवळ आमचं घरचं गुऱ्हाळ आहे. पोरगा कॉलेजात हिस्टरी करतोय, परवा चुलवाणापाशी उभा राहून सांगत होता की बार्बाडोसला गुलामांकडनं ऊस करवून घेतला आणि सगळं जंगल गेलं. मी म्हटलं, आरं आपण पिढ्यान्‌पिढ्या ऊसच लावतोय की, मग? कोण बरोबर?
– एक गुऱ्हाळवाला, करवीर

उत्तर: दादा, पोरगं बरोबर आहे. बार्बाडोस हे वेस्ट इंडीजमधलं बेट, केवढं, तर ४३० चौरस किलोमीटर, आपल्या जिल्ह्यात असली सतरा-अठरा बेटं मावतील. इंग्रज १६२७ ला तिथं उतरले तेव्हा गच्च झाडी होती, १६४० च्या दशकात ऊस आला आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत झाडी जवळजवळ संपली. आता नुसतं शेत करायला तोडली असं नाही हां, रस आटवायला सरपण लागतं ते तुम्हाला मी काय सांगणार! तिथं काहिली, म्हणजे रस उकळायच्या मोठ्या कढया, ओळीनं मांडलेल्या, मोठीतला रस लहानीत ओतत न्यायचा, आणि सुरुवातीला प्रत्येकीखाली वेगळा जाळ. लाकूड संपलं तर थांबले का, तर नाही, इंग्लंडहून कोळसा मागवला, मग एकाच जाळावर सगळ्या काहिली तापतील अशी चुलवाणं बांधली आणि रस काढून उरलेली चिपाडं जाळायला लागले. म्हणजे तुमचा जळव्या आज जे चुलीत कोंबतो ते तिथं जंगल खाऊन झाल्यावर सुचलं!

झाडं गेली तशी उतारावरची माती पावसात वाहून जायला लागली. मग शेतभर चौकोनी खड्डे काढून त्यात ऊस लावायचा, माती आणि शेणखत खड्ड्यातच राहतं. आयडिया चांगलीच आहे, पण खड्डे काढले कुणी, खताच्या पाट्या डोक्यावर वाहिल्या कुणी? आफ्रिकेतनं धरून आणलेल्या बायाबापड्यांनीच. माझ्या मते तुमच्यात आणि त्यांच्यात फरक हाच, तुमचं रान खचलं तर नुकसान तुमचं, म्हणून तुम्ही पाचट कुजवता, ताग गाडता. तिथं जमीन थकली की मालक माणसांना जास्त पिळायचा, ती मेली की नवीन जहाज.

डासांचंपण ऐका. पिवळा ताप पसरवणारा डास त्याच जहाजांतल्या पाण्याच्या पिंपांतनं आला, वर साखर निथळायची हजारो मातीची मडकी, रिकामी पडली की पावसात भरायची, त्याला आणि काय पाहिजे! १६४७ ला बार्बाडोसवर साथ आलीच.

जंगल राखायची अक्कल सुचली नाही असं नाही. टोबॅगोवर, म्हणजे तिकडच्याच दुसऱ्या एका बेटावर, १७७६ मध्ये डोंगरमाथ्याचं जंगल कायद्यानं राखून ठेवलं, का तर झाडी गेली की पाऊस जाईल म्हणून, आणि पाऊस कशाला, तर उसाला. तो ऊस तोडणाऱ्यांना गुलामीतनं सोडायचा इंग्रजांचा कायदा लागू व्हायला १८३४ उजाडलं, आणि त्यातपण शेतावरच्या माणसांना आणखी ४ वर्षं त्याच मालकाकडं फुकट राबवलं.