लोंद्रिनाचे सोयाबीन आणि आपल्या शंका

प्रश्न (मिरज व वाळवा तालुक्यांतील शेतकऱ्यांकडून): ब्राझीलमध्ये लोंद्रिना भागात सोयाबीनला युरिया देत नाहीत आणि नांगरटही करत नाहीत, असे ऐकले. आपण तसे करावे का? तांबेऱ्यावर (पानांवरील बुरशीजन्य रोगावर) त्यांचा उपाय काय आहे?

उत्तर: लोंद्रिना हे पाराना राज्यातील, समुद्रापासून बरेच आत असलेले, सुमारे साडेपाच लाख वस्तीचे शहर आहे. १९३० च्या आसपास एका इंग्रजी भांडवलाच्या कंपनीने तेथील जंगलात तुकडे पाडून जमिनी विकल्या आणि कॉफीच्या पैशावर ते शहर उभे राहिले. १८ जुलै १९७५ च्या पहाटे कडाक्याच्या गारठ्याने कॉफीचे मळे करपले आणि पुढच्या हंगामात राज्यात कॉफी जवळजवळ हाती लागलीच नाही. सोयाबीन व गहू आधीच शिरले होते. त्यानंतर ते झपाट्याने पसरले. एम्ब्रापा या राष्ट्रीय कृषी संशोधन संस्थेचे सोयाबीन केंद्रही १९७५ मध्येच तेथे सुरू झाले.

युरियाबाबत आपण ऐकले ते खरे आहे. एक टन सोयाबीन पिकण्यास सुमारे ८० किलो नत्र लागते, आणि तेथे त्यातील बहुतेक भाग मुळांवरच्या गाठींतील ब्रॅडीरायझोबियम जिवाणू हवेतून मिळवून देतात. या केंद्रातील शास्त्रज्ञ मारियांजेला हुंग्रिया यांना याच विषयावरील कामासाठी २०२५ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. त्यांच्या शिफारशीतला आपण विसरतो तो भाग असा की, जमिनीत जिवाणू आधीपासून असले तरी दरवर्षी बियाण्याला संवर्धक (या जिवाणूंचे कल्चर) लावायचेच. तेवढ्यानेही तेथे सरासरी सुमारे ८ टक्के उत्पादन वाढते.

विद्यापीठाने शिफारस केलेली पेरणीवेळची नत्राची मात्रा बंद करा, असे मी सांगणार नाही. मात्र पीक पिवळे दिसले की युरियाची मूठ फेकण्याची सवय सोडावी, कारण आयते नत्र मिळाले की मुळांवर गाठी कमी धरतात. शिवाय आपल्याकडील चुनखडीच्या व पाणथळ जमिनीत तो पिवळेपणा बहुधा लोहाच्या कमतरतेचा असतो आणि युरियाने तो जात नाही. बीजप्रक्रिया करताना आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक आणि शेवटी जिवाणू संवर्धक हा क्रम पाळावा, दहा किलो बियाण्यास २५० ग्रॅमचे एक पाकीट लावावे, बियाणे सावलीत सुकवावे आणि त्याच दिवशी पेरावे. संवर्धक बियाण्याला चिकटावे म्हणून केलेले गुळाचे पाणी गरम असतानाच त्यात पाकीट फोडणारे, किंवा पाकिटे आठवडाभर पत्र्याच्या शेडमध्ये ठेवून मग ‘कल्चरचा गुण येत नाही’ म्हणणारे महाभाग दरवर्षी भेटतात. त्यात जिवाणूंचा दोष नसतो.

गुण आला की नाही, हे पेरणीनंतर पस्तीस-चाळीस दिवसांनी तपासता येते. रोप उपटू नये, कारण गाठी तुटून मातीतच राहतात. कुदळीने मातीच्या गड्ड्यासह काढून पाण्यात हलकेच धुवावे आणि एखादी गाठ नखाने चिरून पाहावी. आत लालसर-गुलाबी रंग असेल तर ती काम करते आहे. पांढरी किंवा हिरवट असेल तर नाही.

विना-नांगरटीची सुरुवात लोंद्रिनाजवळच्या रोलांजिया येथे हर्बर्ट बार्ट्झ या शेतकऱ्याने १९७२ मध्ये केली. उतारावरची माती पावसात वाहून जात होती म्हणून. तेथील जमीनही आपल्यासारखी बेसाल्ट खडकाची आहे, परंतु जास्त पावसाने व चांगल्या निचऱ्याने ती लाल, भुसभुशीत झाली आहे, आपली काळी जमीन उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते. तेथे हिवाळ्यातही थोडाफार पाऊस असल्याने सोयाबीनपाठोपाठ मका किंवा गहू उभा राहतो आणि काडाचे आच्छादन टिकते. आपले भुसकट गोठ्यात जाते. आच्छादनाशिवाय नुसती नांगरट सोडून फायदा नाही. उसाचे पाचट न जाळता आच्छादन म्हणून ठेवावे आणि विना-नांगरटीचा आधी अर्ध्या एकरावर अनुभव घ्यावा.

तांबेऱ्याचे मात्र मनावर घ्या. ही बुरशी जिवंत झाडावरच जगते, म्हणून पारानात हिवाळ्यात ठरावीक काळ शेतात सोयाबीनचे एकही रोप, अगदी आपोआप उगवलेलेही, ठेवण्यास कायद्याने मनाई आहे. फवारणीवर भिस्त ठेवण्याचा परिणामही त्यांनी भोगला आहे: तीच ती बुरशीनाशके वारंवार मारल्याने तांबेरा त्यांना पूर्वीसारखी दाद देत नाही. कृष्णा-वारणा पट्ट्यात उन्हाळी बीजोत्पादनामुळे हिरवे सोयाबीन खरिपापर्यंत शेतात राहते. बियाण्यासाठी उन्हाळी पीक घ्या, असे आम्हीच सांगतो, ही अडचण मान्य करतो. म्हणूनच काढणी वेळेत उरकून बांधावरची, खळ्याजवळची व उसातली उगवण पेरणीपूर्वी उपटून टाकावी आणि हे शेजाऱ्यांनी मिळून करावे, कारण बीजाणू वाऱ्याने येतात. खरिपासाठी फुले संगम किंवा फुले किमया हे तांबेऱ्यास सहनशील वाण निवडावेत. ऑगस्टपासून खालची पाने उलटी करून पाहावीत. बारीक उंच पुटकुळ्या दिसल्या आणि बोट फिरवताच तपकिरी पूड लागली, तर त्याच दिवशी कृषी सहायकांना पान दाखवून फवारणी ठरवावी.