थाई जेवण राहू द्या, आधी मार्चचा हप्ता थांबवा

ठाण्याच्या एका वाचकाचं पत्र आहे. वय ३८, पत्नी ३५, मुलगी सात वर्षांची. दोघांचा मिळून हातात येणारा पगार १ लाख ४५ हजार. त्यांच्याच शब्दांत, थोडं कापून:

"लग्नाआधी आम्ही पहिल्यांदा जेवायला गेलो ते दक्षिण मुंबईतल्या एका पंचतारांकित हॉटेलातल्या थाई रेस्टॉरंटमध्ये. तेव्हापासून लग्नाचा वाढदिवस, दोघांचे वाढदिवस, कुणाचं प्रमोशन, सगळं तिथेच. वर्षाला पाच-सहा वेळा, एकूण ६० हजार. बाबा म्हणतात, गवती चहाच्या पाण्याला सातशे रुपये मोजणारी ही पहिलीच पिढी. येत्या जानेवारीत लग्नाला दहा वर्षं होतात, तर २२ माणसांना तिथे जेवायला न्यावं असं पत्नीच्या मनात आहे. मी ॲपवर हिशोब केला. हेच महिना ५ हजार एसआयपीत टाकले तर १५ टक्क्यांनी २० वर्षांत ७५ लाख होतात. बाहेर जेवणं बंद करावं का? बाकी आर्थिक बाजू ठीक आहे. कार्डावर १० टक्के सूट मिळते, थकबाकी १.८ लाख आहे पण मिनिमम ड्यू कधी चुकवलेला नाही. अडीअडचणीसाठी अडीच लाखांची एफडी आहे. मुलीच्या शिक्षणासाठी २०२२ मध्ये बँकेतून गॅरंटीड पॉलिसी घेतली आहे."

"बाकी आर्थिक बाजू ठीक आहे" हे वाक्य मी दोनदा वाचलं. मग तुम्हाला उलट मेल करून कार्डाचं स्टेटमेंट आणि पॉलिसीची कागदपत्रं मागवली. ती तुम्ही त्याच दिवशी पाठवलीत, त्याबद्दल आभार.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकतो: नाही, बंद करू नका. पत्नीला दाखवायला माझ्याकडून एखादा कागद मिळेल अशी आशा असेल, तर तो मिळणार नाही. ७५ लाखही सोडून द्या. २० वर्षं सलग १५ टक्के कुणी कबूल करत असेल तर त्याच्याकडून लिहून घ्या, आणि तो लिहून देणार नाही. मी १० टक्के धरतो. मग ३८ लाख होतात. महागाई ६ टक्के धरली तर आजच्या भावात जेमतेम १२ लाख. बारा लाख काही कमी नाहीत, पण वीस वर्षांचे सगळे खास दिवस घरी बसून काढण्याची ती किंमत आहे. ते पाहून ठरवा, ७५ लाख पाहून नव्हे.

आता जे तुम्ही विचारलं नाही, त्याकडे येऊ.

कार्डावर १.८ लाख थकलेत. व्याज महिन्याला पावणेचार टक्के, त्यावर १८ टक्के जीएसटी. म्हणजे महिन्याला साधारण ८ हजार. तुम्ही इमानेइतबारे भरता तो मिनिमम ड्यू, म्हणजे दर महिन्याला भरावीच लागणारी किमान रक्कम, ९ हजार. यातले ८ हजार बँकेच्या घशात जातात आणि हजार रुपयांनी मुद्दल कमी होतं. तेवढंही होत नाही, कारण पुढच्या महिन्यात त्याच कार्डावर नवी खरेदी असतेच. वर्षाचं व्याज झालं ९६ हजार. थाई जेवणाचे ६० हजार वडिलांना डोळ्यांत खुपतात, कारण ते दिसतात, त्यांचे फोटो फॅमिली ग्रुपवर येतात. व्याजाचे फोटो कुणी टाकत नाही.

त्या १० टक्के सुटीचंही बघू. ९ हजारांच्या बिलावर ९०० रुपये वाचले. पण मागची बाकी शिल्लक असली की कार्डाची बिनव्याजी मुदत संपते आणि नव्या खर्चावर त्या दिवसापासूनच व्याज लागतं, हे दुकानात कुणी सांगत नाही. ९ हजारांवर महिना ४०० रुपये. सव्वादोन महिन्यांत सूट खलास. त्यानंतर तुम्ही त्या ग्रीन करीवर व्याज भरत असता, आणि तिची चवही विसरलेली असते.

पण १.८ लाख जेवणांनी झालेच नाहीत. स्टेटमेंटमध्ये मार्च २०२५ ची एक नोंद आहे: दीड लाख, विमा हप्ता. बँकेतल्या बाईंनी सांगितलं म्हणे, कार्डावर भरा, रिवॉर्ड पॉइंट मिळतील. पॉइंटचं तुम्ही काय घेतलंत ते विचारत नाही. तेव्हापासून नऊ महिन्यांत तुम्ही ८० हजारांच्या वर भरलेत आणि थकबाकी होती तिथेच आहे. घरात तीन महिने भांडण चाललंय कोळंबीवरून, आणि खड्डा पडलाय पॉलिसीने.

त्या पॉलिसीचं काय ते आता सांगतो. वर्षाला दीड लाख, दहा वर्षं, म्हणजे १५ लाख. २०४२ मध्ये ३० लाख मिळणार. "दुप्पट, आणि गॅरंटीड!" असं तुम्हाला सांगितलं गेलं. दुप्पट व्हायला किती वर्षं लागतात, यावर सगळं अवलंबून असतं. हप्ते दहा वर्षं पसरलेत, त्यामुळे तुमचा रुपया सरासरी साडेपंधरा वर्षं आत राहतो. दुप्पट व्हायला लागणाऱ्या वर्षांनी ७२ ला भागलं की व्याजाचा दर साधारण कळतो, तर ७२ ला साडेपंधराने भागा. येतात ४.६ टक्के. हेच हप्ते पीपीएफमध्ये सध्याच्या ७.१ टक्क्यांनी गेले असते तर २०४२ मध्ये ४४ लाखांच्या घरात असते. तेही करमुक्त, सरकारी हमीचे, आणि पीपीएफचा अर्ज भरून घ्यायला घरी कुणी मिठाईचा डबा घेऊन आलं नसतं. टॅक्स वाचतो असंही तुम्ही मेलमध्ये लिहिलंत. तुम्ही नव्या करप्रणालीत आहात. तिथे विमा हप्त्यावर मिळणारी ८०सीची वजावट नाही. एक रुपयाही वाचत नाही.

आणि मुलीचं शिक्षण? मुलगी २०१८ ची. अठरा पूर्ण होणार २०३६ मध्ये. पॉलिसी पिकणार २०४२ मध्ये, तेव्हा ती चोविशीत असेल. कॉलेजची फी भरायच्या वेळी हातात काही नाही आणि पदवी घेऊन नोकरीला लागल्यावर ३० लाख, अशी ही शिक्षणाची तरतूद आहे. विकताना मुलीची जन्मतारीख फॉर्मवर लिहून घेतली होती ना? दोन साल एकमेकांतून वजा करायला किती वेळ लागतो? अशा विक्रीबद्दल माझा संयम आता संपत आलाय, त्यामुळे सूर चढला असेल तर तो तुमच्यावर नाही. थोडासा आहे, पण मुख्य रोख तिकडे आहे.

याहून वाईट गोष्ट म्हणजे त्यात आयुर्विमा आहे १५ लाखांचा. तुमचं गृहकर्ज ४५ लाख बाकी. उद्या तुमचं बरंवाईट झालं तर १५ लाखांत कर्जाचा तिसरा हिस्सा फिटेल, आणि ४२ हजारांचा ईएमआय पत्नीच्या ६० हजारांच्या पगारातून जाईल. वर्षाला दीड लाख भरून एवढंच संरक्षण.

मग करायचं काय? क्रमाने सांगतो, क्रम बदलू नका.

उद्या सकाळी एफडी मोडा. हो, अडीअडचणीसाठीचीच. एफडीवर ६-७ टक्के मिळतात, त्यावर कर, आणि त्याच वेळी कार्डावर जीएसटी धरून पन्नास टक्क्यांच्या वर व्याज भरता. अडचण अजून यायची आहे असं तुम्हाला वाटतंय, ती मार्चपासून घरात मुक्कामाला आहे. मुदतीआधी मोडल्याचा दंड लागेल, थोडं व्याज बुडेल, बुडू द्या. १.८ लाख कार्डावर एकरकमी भरा. त्यानंतर येणाऱ्या स्टेटमेंटमध्ये मधल्या दिवसांचं थोडं व्याज येईल, तेही पूर्ण भरा, नाहीतर हे शेपूट वळवळत राहतं. एफडीचे ७० हजार उरतील.

दुसरं, दीड कोटीचा साधा मुदत विमा, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा, वयाच्या साठीपर्यंत. सिगारेट ओढत नाही असं लिहिलंय, ते खरं असेल तर हप्ता वर्षाला साधारण २० ते २५ हजार. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्यावर जीएसटी नाही. "मग पैसे परत मिळत नाहीत का?" हे विचारू नका. हेल्मेट घातल्यावर अपघात झाला नाही म्हणून कुणी दुकानात पैसे परत मागायला जात नाही.

तिसरं, आणि मुदत विमा हातात आल्यावरच: मार्चचा हप्ता भरू नका. सरेंडर मात्र करू नका. लोक इथे रागाच्या भरात चूक करतात. चार हप्ते, ६ लाख गेलेत. आज मोडली तर निम्मे, ३ लाखांच्या आसपास मिळतील. पेड-अप केली, म्हणजे पुढचे हप्ते थांबवून ती तशीच ठेवली, तर दहापैकी चार हप्ते भरल्याच्या हिशोबाने २०४२ मध्ये १२ लाखांच्या जवळपास येतील. ३ चे १२, सोळा वर्षांत, म्हणजे ९ टक्के. इथून पुढे हात न लावता मिळणारा हा परतावा वाईट नाही. उरलेले सहा हप्ते भरत राहिलात तर त्या नव्या पैशावर मात्र सव्वापाचच टक्के पडतात. नेमके आकडे कंपनीकडून लेखी मागवा, फोनवरचं बोलणं धरू नका. पेड-अप केल्यावर विमा संरक्षणही १५ चं ६ लाखांवर येतं, म्हणूनच मुदत विमा आधी. बँकेतून फोन येईल की सगळे पैसे बुडतील. त्यांना म्हणा, हेच मेलवर लिहून पाठवा.

हप्ता कार्डावर आपोआप वळता होण्याची सूचना दिलेली आहे, ती फेब्रुवारीतच रद्द करा. नाहीतर मार्चमध्ये पुन्हा दीड लाख चढतील. कार्ड तसंच ठेवून तो हप्ता चढला असता तर ३.३ लाखांवर महिना साडेचौदा हजार व्याज, हे धडकी भरवण्यासाठी नाही, फक्त गुणाकार आहे.

तुमच्या म्हणण्याप्रमाणे महिन्याला २० हजार शिल्लक राहतात. त्यातले २ हजार मुदत विम्याला. ७ हजार एफडी पुन्हा उभी करायला, सव्वादोन वर्षं लागतील. ६ हजार सुकन्या समृद्धीत, म्हणजे मुलीच्या नावावरच्या सरकारी बचत योजनेत: सध्या ८.२ टक्के, आणि खातं मुलीच्या दहाव्या वर्षाच्या आतच उघडता येतं, म्हणजे फार वेळ नाही. अठरा वर्षांची झाली की शिक्षणासाठी शिलकीच्या निम्मे काढता येतात. तोवर १०-११ लाख जमतील. परदेशी शिक्षण त्यात बसत नाही, हे आत्ताच कळलेलं बरं. एफडी भरली की ते ७ हजार इंडेक्स फंडात, म्हणजे शेअर निर्देशांकाप्रमाणे चालणाऱ्या म्युच्युअल फंडात वळवा.

उरले ५ हजार. वर्षाचे ६० हजार. हे तुमच्या थाई जेवणाचे. वेगळ्या बचत खात्यात टाका आणि बिल तिथूनच, डेबिट कार्डाने किंवा यूपीआयने.

आता राहिले २२ जण. माणशी अडीच हजार धरले तरी ५५ हजार, महागड्या हॉटेलातलं रेस्टॉरंट म्हणून १८ टक्के जीएसटी, म्हणजे ६५ हजार. मद्य आणि त्यावरचा व्हॅट वेगळा. बाहेरच्या स्वतंत्र रेस्टॉरंटमध्ये जीएसटी ५ टक्केच असतो. वर्षभराचा डबा एका रात्रीत रिकामा करायचा नसेल तर नातेवाइकांना घरी बोलवा, श्रीखंड-पुरी करा, वडीलही खूश होतील. थाईला सहाच जण जा: तुम्ही तिघं, आई-वडील, आणि पत्नीची आई.

माणशी एक डिश मागवू नका. थाई जेवण मुळात भात प्रत्येकाच्या ताटात आणि बाकी सगळं मधे ठेवून वाटून खायचं असतं. सहा जणांना दोन करी, एक सोम टम (कच्च्या पपईचं सॅलड), एक परतलेली भाजी, एक पॅड थाई आणि भात पुरतो. मसामन करीमध्ये बटाटा-शेंगदाणे असतात, वडिलांना ती परकी वाटणार नाही, आणि सोलकढी पिणाऱ्या घराला नारळाच्या दुधाचं वावडं असायचं कारण नाही. पाण्याची बाटली नको असेल तर साधं पाणी मागा. बिलात सर्व्हिस चार्ज लावलेला असेल तर काढायला सांगा. तो आपोआप लावू नये असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्येच सांगितलंय, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ते उचलून धरलं. वेटरला टीप मनाने द्या, हातात द्या.

आई शाकाहारी आहेत असं लिहिलंय. तर टेबल बुक करतानाच फोनवर सांगा की त्यांच्या पदार्थांत फिश सॉस नको. मेन्यूवर भाजी लिहिलेली असली तरी तो पडलेला असू शकतो.