लायसन्स तुझं, सही दुसऱ्याची

तू विचारलंस: डीजीसीएचं (आपल्या विमान वाहतूक नियामकाचं) बी१.१ लायसन्स, म्हणजे टर्बाइन इंजिनाच्या विमानांच्या देखभालीचं, नुकतंच हातात आलंय, जर्मनीतल्या एका मोठ्या एमआरओची (विमान दुरुस्ती-देखभाल कंपनीची) ऑफर आहे, तर आल्या आल्या विमान रिलीज करता येईल का, म्हणजे ते उडायला ठीक आहे अशी सही करता येईल का?

नाही. लायसन्सचा आपला नियम सीएआर-६६ युरोपच्या पार्ट-६६ वरच बेतलाय, तरी ईएएसए (युरोपची विमान सुरक्षा संस्था) आपलं लायसन्स जसंच्या तसं धरत नाही. मॉड्यूल, म्हणजे विषयवार पेपर, पुन्हा द्यायचे, ७५ टक्क्यांना पास. पास झालेलं मॉड्यूल १० वर्षं चालतं, तेव्हा धावपळ नको. मग लायसन्स, टाइप रेटिंग (ठरावीक प्रकारच्या विमानासाठीची मान्यता) आणि शेवटी कंपनीचं ऑथरायझेशन, म्हणजे सही करायची परवानगी. तोवर तू मेकॅनिक. 'इंजिनिअर' म्हणून मिरवायची हौस मुंबई विमानतळावरच ठेवून ये.

मोठ्या कंपनीतली खरी गोची वेगळीच आहे. कामाची वाटणी इतकी बारीक, की सी-चेकवर, म्हणजे विमानाच्या मोठ्या तपासणीत, महिनोन् महिने नुसत्या सीटा आणि पॅनल काढ-घाल करत बसशील. पगार वेळेवर येतो, लॉगबुक मात्र एकसुरी होतं. लायसन्ससाठी तर लँडिंग गिअर, फ्लाइट कंट्रोल, इंजिन, हायड्रॉलिक्स असं सगळीकडचं काम दाखवावं लागतं. म्हणून सुपरवायझरच्या गोड बोलून मागे लाग, गिअरच्या टीममध्ये घ्यायला सांग. टास्क कार्डाचा (कामाच्या पत्रकाचा) नंबर त्याच दिवशी लॉगबुकात चढव आणि तिथल्या तिथे सही घे. महिन्याभराने गेलास तर सही करणारा दुसऱ्या पाळीत गेलेला असतो.

हत्यारांची शिस्त मात्र बघत राहावी अशी. ट्रेच्या फोममध्ये प्रत्येक पान्याच्या आकाराची खाच. पाळी संपताना एखादी खाच रिकामी दिसली, मग तो एवढासा बिट का असेना, तर घरी जायचं नाव नाही. बंद केलेली पॅनल पुन्हा उघडतात.

रात्रपाळीला नाक मुरडू नकोस. रात्रीचा आणि रविवारचा जादा भत्ता इथे ठरावीक मर्यादेपर्यंत करमुक्त असतो, हातात पडणाऱ्या पैशांत फरक जाणवतो.

मॅन्युअल इंग्रजीत, पण पाळी बदलतानाचा हँडओव्हर आणि टोमणे जर्मनमध्ये. जर्मन भाषेचीही बी१ पातळी गाठूनच ये.

आणि ऑफर लेटरमध्ये टाइप रेटिंगचा खर्च कोणाचा, त्या बदल्यात किती वर्षांचा बाँड, हे बघ. लिहिलेलं नसेल तर सही करण्याआधी मेलवर विचारून घे.