लगुना सेकाला मोटोजीपी परत यावी का? वाचक विचारतात

मागच्या अंकात मोटोजीपीच्या, म्हणजे मोटरसायकलींच्या सगळ्यात वरच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपच्या, २०२७ च्या नियमांवर लिहिलं होतं, ८५० सीसी इंजिन वगैरे, त्यावर प्रश्न आले भरपूर पण निम्म्याहून जास्त लोकांना इंजिनात रस नाहीच, त्यांना एकच विचारायचंय की आता बाईक्स जरा हळू होणार तर कॅलिफोर्नियातल्या लगुना सेका ट्रॅकवर रेस परत येईल का. म्हणून यावेळी तोच विषय.

प्रश्न : सर, २००८ ची लगुनाची व्हॅलेंतिनो रॉसी आणि केसी स्टोनर यांची रेस मी अजूनही अधूनमधून लावून बघतो, आताच्या रेस बघून कंटाळा आला की हमखास. आता मोटोजीपी लिबर्टी मीडियाकडे आहे, अमेरिकन कंपनी आहे, त्यांना तिकडचा प्रेक्षक हवाच आहे. मग टेक्सासच्या ऑस्टिनमधल्या रेसच्या जोडीला लगुना परत आणायला हरकत काय? चेक रिपब्लिकचं ब्रनो नाही का आलं परत? (एक वाचक, कोथरूड, पुणे)

हरकत आहे दादा, आणि ती पैशाच्या आधी टर्न वनला आहे.

सगळे लगुनाच्या कॉर्कस्क्रू या वळणाबद्दल बोलतात. बरोबरच आहे, टेकडी चढत चढत ब्रेक मारायचा, पुढे रस्ता दिसतच नाही, नुसतं आभाळ दिसतं, मग डावीकडे पडायचं आणि लगेच उजवीकडे, आणि तेवढ्यात तुम्ही जवळपास १८ मीटर म्हणजे पाच मजले खाली आलेले असता. पण तिथे बाईक्स हळू असतात. खरी भीती सरळ रस्त्याच्या शेवटी आहे, जो सरळ नाहीच मुळात, तो डावीकडे वळत एका उंचवट्यावरून जातो आणि त्यालाच टर्न वन म्हणतात. ८०० सीसीच्या जमान्यातसुद्धा तिथे बाईक्स ताशी २६० च्या पुढे असायच्या, पुढचं चाक हलकं झालेलं, बाईक झुकलेली, आणि उंचवट्यापलीकडे हेअरपिनसाठी, म्हणजे जवळपास उलटं फिरवणाऱ्या वळणासाठी, ब्रेक मारायचाय. बाहेरच्या बाजूला भिंत जवळ. ती मागे न्यायला मोकळं मैदान पाहिजे, ते तिथे नाही.

२०१३ नंतर मोटोजीपी तिथे गेलेली नाही, आणि मधल्या काळात बाईक्स कुठल्या कुठे गेल्या. २०२३ ला मुजेलोत ब्रॅड बाइंडरने ताशी ३६६.१ किमी गाठले. बाईकला रस्त्यावर दाबून धरणाऱ्या विंगा आल्या, कोपऱ्यातून निघताना बाईकचा मागचा भाग खाली बसवणारी यंत्रं आली. २०२७ मध्ये ती यंत्रं बंद होणार, विंगा लहान होणार, इंजिन १००० वरून ८५० वर, टाकी २२ लिटरवरून २० वर. हे सगळं मान्य. पण यात बाईक २०१३ च्या वेगावर परत जाईल असं कुठेही लिहिलेलं नाही, आणि २०१३ च्या वेगालासुद्धा रायडर टर्न वनबद्दल कुरकुरत होतेच की!

ब्रनोचं म्हणाल तर ती तुलना इथे लागू होत नाही. ब्रनो २०२० नंतर गेलं ते डांबर खराब होतं आणि पैसे नव्हते म्हणून. ५.४ किमीचा रुंद ट्रॅक, बाजूला जागाच जागा, नवीन डांबर टाकलं, कोणीतरी फी भरायला तयार झालं, २०२५ च्या जुलैत रेस झाली, मार्क मार्केझ जिंकला, विषय संपला. लगुनाला डांबर तर २०२३ मध्ये नवीन टाकलंच आहे, पूलसुद्धा नवीन बांधला. अडचण डांबराची असती तर मी आज हा कॉलम कशाला लिहिला असता.

आणि एक गोष्ट लोक विसरतात. आपण ज्याला ऐतिहासिक ट्रॅक म्हणतो तो ओरिजिनल ट्रॅक नाहीच. १९५६ ला जवळच्या पेबल बीचला झाडांमधल्या रस्त्यावर कार रेस व्हायची, तिथे अर्नी मॅकअफी झाडाला आदळून गेला, रेस बंद झाली, आणि मग फोर्ट ऑर्ड या लष्करी तळाच्या जमिनीवर १९५७ मध्ये लगुना सेका उभा राहिला. तेव्हा लांबी ३ किमीच्या थोडी वर. १९८८ ला ग्रांप्री, म्हणजे बाईकच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपची रेस, आणायची ठरली तेव्हा लांबी कमी पडत होती, मग आतल्या सपाट भागात नवीन वळणं घालून ट्रॅक ३.६ किमीचा केला. म्हणजे बाईकच्या चॅम्पियनशिपसाठी लगुना एकदा बदलून झालेला आहे. तेव्हा जमलं कारण जिथे बदल करायचा होता तिथे सपाट जागा होती. आता जे बदलायला लागेल ते टेकडीवर आहे, आणि ती टेकडी सपाट केली, टर्न वनला शिकेन, म्हणजे वेग मोडणारी उलटसुलट वळणं, घातली, तर मग उरलं काय? एक छोटा ट्रॅक, ज्यात एक प्रसिद्ध वळण आहे. माझं मत विचाराल तर असं लगुना परत मिळण्यापेक्षा न मिळालेलं बरं.

प्रश्न : तुम्ही लोक सेफ्टी सेफ्टी करून रेसिंगची मजा घालवता. हंगेरीचा बालाटॉन पार्क केवढासा ट्रॅक आहे, तो चालतो, लगुना नाही चालत? आणि अमेरिकेची नॅशनल सुपरबाईक रेस तर तिथे दरवर्षी होते, त्यांना भिंत दिसत नाही का? (एक वाचक, सांगली)

प्रश्न कडक आहे, आवडला.

बालाटॉन अरुंद आहे, पण तो मुद्दाम हळू केलेला ट्रॅक आहे, शिकेनवर शिकेन. मलाही तो अजिबात आवडत नाही. तिथे भिंत जवळ असली तरी तुम्ही तिच्याकडे २६० ने येत नाही. लगुनात सगळ्यात कमी जागा सगळ्यात जास्त वेगाला आहे.

मोटोअमेरिकाचा, म्हणजे त्या नॅशनल सुपरबाईक रेसचा, मुद्दा जास्त जड आहे. ती सुपरबाईक्सची मालिका तिथे जाते आणि रेस मस्त होतात. पण त्या बाईक्स रस्त्यावरच्या बाईकवरून बनतात, स्टीलच्या डिस्क, वजन जास्त, मोटोजीपीइतका जोर नाही, मागचा भाग खाली बसवणारं यंत्र नाही. लॅपटाइममध्ये फरक थोडा दिसतो कारण ट्रॅकच छोटा आहे, एक फेरी साधारण १ मिनिट २१-२२ सेकंदांत संपते, पण त्या उंचवट्यावर पोचतानाचा वेग वेगळा. शिवाय एफआयएमचं, म्हणजे मोटरसायकल रेसिंगच्या जागतिक संघटनेचं, ट्रॅकला ग्रेड देण्याचं गणित आहे, मोटोजीपीला सगळ्यात वरची ग्रेड लागते, सुपरबाईकला तेवढी नाही.

आणि मजेचं म्हणाल तर लगुनाच्या इतिहासातच बघा. १९८९ ची ग्रांप्री संपल्यावर केव्हिन मॅगी ट्रॅकवरच थांबून टायर जाळत होता, मागून बब्बा शोबर्ट येऊन धडकला, त्याची रोड रेसिंगची करिअर तिथेच संपली. पुढच्या वर्षी १९९० ला त्याच ट्रॅकवर मॅगी स्वतः पडला, डोक्याला जबर मार. यातला पहिला अपघात तर ट्रॅकमुळे झालाच नाही, ते मला माहितीये. पण "पूर्वी कोणी कुरकुर करत नव्हतं" हे जे आपण म्हणतो ना, ते कुरकुर करणारे नंतर रेस करायला उरले नाहीत म्हणून पण असतं.

प्रश्न : मी वेन रेनीचा जुना फॅन. त्याचं आणि लगुनाचं नातं काय आहे ते नवीन पोरांना सांगा ना जरा. (एक वाचक, बेळगाव)

काका, आनंदाने.

रेनी कॅलिफोर्नियाचाच. १९९०, ९१, ९२ असा सलग तीनदा ५०० सीसीचा, म्हणजे तेव्हाच्या सगळ्यात वरच्या क्लासचा, वर्ल्ड चॅम्पियन, आणि लगुनाला १९८९, ९०, ९१ अशा सलग तीन ग्रांप्री जिंकला, १९९२ ला तिथे रेस नव्हती. १९९३ ला तो पुन्हा चॅम्पियनशिपमध्ये पुढे होता, ५ सप्टेंबरला इटलीत मिसानोला पुढे असतानाच पडला, मणक्याला मार लागला आणि छातीखालचं शरीर कायमचं गेलं. पुढच्याच रविवारी, १२ सप्टेंबरला, रेस कुठे होती? लगुनाला. त्याच्या घरच्या ट्रॅकवर, त्याच्याशिवाय. जॉन कोसिन्स्की कजिवा या इटालियन बाईकवर जिंकला. १९९४ ला ल्युका कॅडालोरा जिंकला आणि त्यानंतर ११ वर्षं ग्रांप्री तिथे आलीच नाही.

कॉर्कस्क्रू उतरून आलं की जे लांब डावं वळण लागतं, टर्न नाइन, त्याला आता रेनी कर्व्ह म्हणतात. आणि वर जी मोटोअमेरिका म्हटली ती चालवणाऱ्यांमध्ये रेनीच मुख्य आहे, २०१५ पासून. अमेरिकेची नॅशनल रेसिंग पार झोपली होती, ती याने उठवली. लगुनाला वर्ल्ड लेव्हलची रेस परत यावी की नाही यावर कोणाचं मत ऐकायचं असेल तर या माणसाचं ऐका, माझं नंतर.

प्रश्न : २००८ चा रॉसीचा पास आज झाला असता तर पेनल्टी बसली असती ना? आमच्या ग्रुपवर यावरून भांडण पेटलंय. (एक वाचक, नागपूर)

बसली असती. किमान जागा परत द्यायला लावली असती.

कॉर्कस्क्रूला रॉसी आतून घुसला, बाईक कर्बच्या पलीकडे मातीत गेली, धूळ उडाली, आणि परत आला तो स्टोनरच्या पुढेच. नंतर शेवटच्या वळणाला स्टोनर खडीत गेला, पडला, उठला आणि तरी दुसरा आला, रॉसी १३ सेकंदांनी जिंकला. २०१३ ला मार्केझने त्याच जागी, तसाच, मातीतून, खुद्द रॉसीलाच मागे टाकलं आणि पहिल्याच वर्षी तिथे जिंकला. आताच्या ट्रॅक लिमिटच्या, म्हणजे ट्रॅकची हद्द न ओलांडण्याच्या, नियमात दोन्ही बाद. तेव्हा लगुना परत आलं तरी ती रेस परत येणार नाही, हे ग्रुपवर सांगून टाका, भांडण अजून वाढेल पण निदान मुद्द्यावर होईल.

जाता जाता, २००५ आणि २००६ ची रेसही बघा कधीतरी. निकी हेडनने करिअरमधली पहिली मोटोजीपी तिथे जिंकली, पुढच्या वर्षी परत जिंकला, आणि त्याच वर्षी रॉसीला ५ पॉइंटनी हरवून चॅम्पियन झाला. रॉसीच्या रीलपुढे हेडनला लोक विसरतात, मला ते फार खटकतं.

प्रश्न : पैशाचं काय? एवढी गर्दी व्हायची तर २०१३ नंतर रेस गेली का? (एक वाचक, ठाणे)

गर्दी व्हायची, पण गर्दीवर फी निघत नाही. २०१३ ला अमेरिकेत तीन मोटोजीपी रेस होत्या, लगुना, इंडियानापोलिस आणि नवा कोरा ऑस्टिन. ऑस्टिनचा ट्रॅक ५.५ किमीचा, २० वळणं, पिट-पॅडॉक सगळं आत्ताच्या हिशोबाने बांधलेलं. लगुनाचा पॅडॉक, म्हणजे टीम्सचे ट्रक आणि तंबू उभे राहतात ती जागा, ट्रॅकच्या आतल्या बाजूला, जागा मर्यादित, त्यामुळेही २००५ ते २०१३ तिथे फक्त मोटोजीपी क्लास धावला, छोटे क्लास कधी आलेच नाहीत. आता तर तीन क्लास, शनिवारी स्प्रिंट ही छोटी रेस, टीम्सचे मोठाले हॉस्पिटॅलिटी तंबू, ते ठेवणार कुठे?

जमीन १९७४ पासून मॉन्टेरे काउंटीची आहे, ते सरकारी पार्क आहे, म्हणजे मोठी फी भरायची म्हटली की आधी लोकांच्या पैशाचा प्रश्न येतो. वर आवाजाची मर्यादा, वर्षातले मोजकेच दिवस मोकळ्या आवाजाचे. आणि जायला हायवे ६८, बहुतेक ठिकाणी दोनच लेन, तिथल्या रहिवाशांनी आवाज आणि ट्रॅफिकवरून कोर्टात केस पण केली होती. ट्रॅक आधी आला की घरं आधी आली हे वाद जगात सगळीकडे सारखेच. पण काउंटीला मतं घरवाल्यांची लागतात, रॉसीच्या फॅनची नाही.

प्रश्न : मग लगुनाला वर्ल्ड चॅम्पियनशिपची बाईक रेस कधीच नको का? (एक वाचक, नाशिक)

असं मी कुठे म्हटलं ताई! वर्ल्ड सुपरबाईक, म्हणजे रस्त्यावरच्या बाईकवरून बनवलेल्या बाईक्सची वर्ल्ड चॅम्पियनशिप, परत न्या की. १९९५ ते २००४ ती तिथे होती, परत २०१३ ते २०१९ होती, आणि गेली ती ट्रॅक धोकादायक ठरला म्हणून नाही. मोटोअमेरिका तिथे जातेच आहे, त्याच वीकेंडला वर्ल्ड सुपरबाईक जोडली तर पॅडॉक भरेल पण फुटणार नाही, आणि अमेरिकन पोरांना घरच्या ट्रॅकवर वर्ल्डच्या रायडर्सशी भिडता येईल. आज वर्ल्ड सुपरबाईकला युरोपबाहेर रेस मोजक्याच उरल्यात, म्हणजे गरज त्यांनाही आहे. मी तरी पहिला आग्रह याचा धरेन. २०२७ चा एक सीझन जाऊ दे, ८५० सीसी खरंच किती हळू आहे ते आकडे समोर येऊ देत, मग मोटोजीपीचं बोलू, आत्ता नको.

प्रश्न : आपल्या ग्रेटर नोएडाच्या मोटोजीपीचं काय? ती येणार का परत? (बऱ्याच वाचकांनी विचारलंय)

तिथे ट्रॅकचा प्रश्नच नाही, बुद्ध सर्किटवर जागा भरपूर. २०२३ च्या सप्टेंबरात रेस झाली, बेझेकी जिंकला, उकाडा इतका की फेऱ्या कमी कराव्या लागल्या. २०२४ ची तारीख कॅलेंडरवर होती, ती रद्द झाली. तारीख थंडीतली आणि पैसे वेळेवर, या दोन गोष्टी जमवा, बाकी काही लागत नाही.

प्रश्न : मी सॅन होजेला असते, आई-बाबा उन्हाळ्यात येतायत. बाबांना बुलेटचं वेड आहे. लगुनाला मोटोअमेरिका बघायला न्यावं का, त्यांना झेपेल का? (एक वाचक, सॅन होजे)

न्याच. ट्रॅफिक नसेल तर तुमच्याकडून दीड तासाच्या आत आहे, रेस बहुतेक जुलैत असते पण तारीख बघून घ्या. सकाळी लवकर निघा, नाहीतर हायवे ६८ वर अडकाल. कॅलिफोर्निया म्हणून आईला पातळ कपड्यात नेऊ नका, समुद्र जवळ आहे, सकाळी धुकं आणि गार वारा, दुपारी एकदम ऊन, त्यामुळे स्वेटर आणि टोपी दोन्ही. कानात घालायचे बोळे विसरू नका. फोल्डिंगच्या खुर्च्या न्या. कॉर्कस्क्रू बघायला टेकडी चढावी लागते, बाबांचे गुडघे चांगले असतील तर हळूहळू चढा, नसतील तर आत शटल आहे का ते गेटवरच विचारा. आणि बाबांना कॉर्कस्क्रूला बसवलंत तरी एक सेशन टर्न वनजवळ उभं राहून बघू दे, मग कोथरूडच्या वाचकाला त्यांनीच उत्तर लिहून पाठवावं.