माळ्यावरचा आइस्क्रीमचा पॉट वापरावा का?

तुम्ही साताऱ्याहून लिहिलंय की दूध आटवून आइस्क्रीम लावता, तासातासाने फ्रीझरमधून काढून मिक्सरला फिरवता, तरी खाताना बर्फाची कचकच लागते. माळ्यावर आजीच्या वेळचा हँडलचा लाकडी पॉट पडून आहे, तो काढावा की इलेक्ट्रिक मशीन घ्यावं, असं विचारलंय. पॉट काढा. आमच्या सांगलीच्या घरी उन्हाळ्यात अजून पॉटच निघतो, आणि मशीन परवडत नाही म्हणून नव्हे, तर आइस्क्रीम चांगलं होतं म्हणून.

कचकच का येते ते आधी सांगतो. दुधातलं पाणी गोठताना त्याचे स्फटिक होतात. ते सावकाश गोठलं तर स्फटिक थोडे पण मोठे होतात, झटकन गोठलं तर पुष्कळ आणि बारीक. साधारण ५० मायक्रॉनपेक्षा, म्हणजे मिलिमीटरच्या विसाव्या भागापेक्षा, मोठा स्फटिक जिभेला कळतो. फ्रीझरमध्ये उणे १८ अंश असले तरी डब्याभोवती नुसती हवा असते आणि हवा उष्णता फार हळू ओढून घेते. त्यामुळे मिश्रण तासन् तास गोठत राहतं. तुम्ही मिक्सर फिरवून मोठे स्फटिक फोडता खरे, पण त्या फिरवण्यात थोडं वितळतं आणि ते परत सावकाशच गोठतं. गोठणं आणि ढवळणं एकाच वेळी व्हायला हवं. पॉटमध्ये नेमकं हेच होतं. बाहेर लाकडी बादलीत मीठ-बर्फ, त्यात दुधाचा धातूचा डबा, आणि डब्यात भिंत खरवडणारी पाती. डब्याच्या भिंतीला पातळ थर गोठतो, पाती तो लगेच खरवडून आत ढकलते, भिंतीला नवा थर धरतो. अमेरिकेत नॅन्सी जॉन्सन यांनी हाताने फिरवायच्या पॉटचं पेटंट १८४३ साली घेतलं, आणि आजच्या कारखान्यातल्या यंत्रातही थंड भिंत आणि खरवडणारी पाती हीच जोडी असते.

आता मीठ-बर्फ, कारण पॉट बिघडतो तो बहुतेक इथेच.

नुसता वितळता बर्फ शून्य अंशावर असतो. आइस्क्रीमचं मिश्रण साखरेमुळे शून्याला गोठतच नाही, ते उणे अडीच-तीनच्या आसपास गोठायला लागतं. म्हणजे नुसत्या बर्फात तुम्ही रात्रभर हँडल फिरवलं तरी हाती थंड दूधच येणार. मीठ घातलं की बर्फाला शून्याच्या खालीही वितळावं लागतं, आणि वितळायला लागणारी उष्णता तो आजूबाजूने, म्हणजे तुमच्या डब्यातून ओढून घेतो. एक किलो बर्फ वितळताना सुमारे ८० किलोकॅलरी खेचतो. मीठ-बर्फाच्या मिश्रणाची शेवटची मर्यादा उणे २१ अंश. घरी तिथपर्यंत जायची गरजही नाही, उणे दहा-बारा मिळालं की काम होतं.

प्रमाण वजनाने धरा: चार भाग बर्फ, एक भाग खडेमीठ. दोन लिटरच्या पॉटला पाच-सहा किलो बर्फ आणि सव्वा ते दीड किलो मीठ पुरतं. बारीक मीठ नको, ते झरझर विरघळून खाली बसतं. इथे सांगलीत गणपती पेठेत खडेमीठ सहज मिळतं, साताऱ्यातही किराणा दुकानात विचारलंत तर मिळेल. मीठ सढळ हाताने जास्त ओतू नका. मग भिंतीला इतका कडक थर धरतो की पाती अडकते आणि मधलं दूध पातळच राहतं. कमी घातलंत तर वेळ लागतो आणि पुन्हा तीच कचकच.

बर्फ लादीचा घ्या. गोणपाटात गुंडाळून धोपाटण्याने ठेचा, सुपारीएवढे तुकडे झाले की पुरे. खाण्याचा नसलेला बर्फ ओळखू यावा म्हणून त्यात निळा रंग घालायचा नियम आहे. तसला बर्फ बादलीत चालतो, पण मग झाकण उघडताना जास्त जपा. खात्री हवी असेल तर खाण्याचाच घ्या. बादलीत तळाला बर्फ, त्यावर मीठ, परत बर्फ, परत मीठ, असे थर डब्याच्या झाकणाच्या जरा खालपर्यंत लावा आणि मग एक तांब्या थंड पाणी ओता. पाण्याला लोक कचरतात. पण बर्फाच्या तुकड्यांमध्ये पोकळ्या असतात, त्यात हवा असते, आणि हवेचा अनुभव तुम्ही फ्रीझरमध्ये घेतलाच आहे. खारं पाणी त्या पोकळ्या भरतं आणि डब्याला सगळीकडून भिडतं. म्हणून साठलेलं पाणी मधेच ओतून देऊ नका. बादलीला वरच्या अंगाला एक भोक असतं, जास्तीचं पाणी तिथून आपलं आपण जातं. ते भोक मात्र बर्फाने बुजू देऊ नका, नाहीतर पाणी झाकणावर चढून आइस्क्रीम खारट होतं. मुलांना त्या पाण्यात हात घालू देऊ नका. ते शून्याच्या बरंच खाली असतं, कातडी पोळते.

पॉट उतरवल्यावर पहिल्यांदा डबा बघा. आतून गंज किंवा कल्हई उडालेली दिसली तर त्यात दूध घालायचं नाही. कल्हई करून घ्या, नाहीतर त्याच मापाचा स्टीलचा डबा बनवून घ्या. लाकडी बादली इतकी वर्षं कोरडी राहिल्याने फळ्या आकसलेल्या असणार. आदल्या रात्री पाण्याने भरून ठेवा, लाकूड फुगून फटी मिटतात. पाती भिंतीला घासून फिरते ना, हे रिकाम्या डब्यावर हँडल फिरवून पाहा.

दुधाचं गणित. आपल्याकडे दूध जितकं आटवाल तितकं आइस्क्रीम चांगलं असा समज आहे, आणि मला तो पटत नाही. दूध अर्ध्यावर आणलं की साय वाढते हे खरं, पण दुधातली साखरही दाट होते आणि थंडीत तिचे कण होऊन जिभेला वाळूसारखे लागतात. शिवाय चव रबडीची येते. रबडी मला मनापासून आवडते, पण तिची जागा वेगळी. मी एक लिटर म्हशीचं किंवा फुल क्रीम दूध, म्हणजे सहा टक्के फॅटचं, मंद आचेवर ८०० मिलिलिटरपर्यंतच आणतो. साखर १५० ग्रॅम. एक मोठा चमचा कॉर्नफ्लोअर थोड्या गार दुधात कालवून शेवटच्या उकळीला. गॅस बंद केल्यावर २५ टक्के फॅटचं २०० मिलिलिटर क्रीम. मिळून फॅट साडेनऊ टक्क्यांच्या आसपास येतं. बाजारात डब्यावर नुसतं ‘आइस्क्रीम’ लिहायचं तर दुधाचं फॅट किमान दहा टक्के लागतं, म्हणजे आपण जवळ पोचलो. ज्यात वनस्पती तेल असतं त्याला ‘फ्रोझन डेझर्ट’ म्हणावं लागतं. पुढच्या वेळी विकतचा डबा घेताना तेवढं वाचून घ्या.

आमच्या भागातल्या पंढरपुरी म्हशीचं दूध रतिबाला मिळत असेल तर क्रीम निम्मंच घ्या, तेच दूध सात टक्क्यांच्या पुढे असतं. साताऱ्यात पिशवीचं घेत असाल तर फुल क्रीमच पाहून घ्या, टोन्ड नको. साखर चाखून बघताना मिश्रण जरा जास्त गोड वाटायला हवं, कारण गार झालं की गोडी कमी लागते. मात्र हात सैल सोडू नका, साखर वाढली की गोठायचं तापमान आणखी खाली जातं आणि आइस्क्रीम घट्ट धरतच नाही.

यानंतरची पायरी घाईत कुणीही गाळतं, ती गाळू नका. मिश्रण निवलं की झाकून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा, निदान चार तास तरी. त्यात स्निग्धांश घट्ट होतो, मग फिरवताना हवा चांगली धरते. कोमट मिश्रण पॉटमध्ये घातलं तर गोठायच्या आधीच घुसळलं जातं आणि लोण्याच्या कण्या दिसायला लागतात. त्या आल्या की दुरुस्ती नाही.

डबा दोनतृतीयांशच भरा, फुगायला जागा हवी. पहिली पाच मिनिटं सावकाश, मग एका लयीत, न थांबता. थांबलात तर पाती भिंतीला चिकटते. सुरुवातीला मुलं फिरवतील, शेवटी घरातला सर्वांत दणकट माणूस लागतो. वीस ते तीस मिनिटांत हँडल जड होतं. उघडण्याआधी झाकण आणि त्याची कड कोरड्या फडक्याने पुसा, झाकणाच्या खाच्यात मिठाचं पाणी दडलेलं असतं. आतलं आइस्क्रीम श्रीखंडाइतकं घट्ट दिसलं की झालं. तेव्हा ते उणे पाचच्या आसपास असतं आणि त्यातलं जवळजवळ निम्मं पाणी गोठलेलं असतं. त्याहून कडक करायला पॉटमध्ये फिरवत बसायचं नाही. पाती काढा, डब्याला बूच लावा, नवा मीठ-बर्फ भरा, वर ओलं गोणपाट टाका आणि दीड-दोन तास सावलीत ठेवा.

फळांचं थोडक्यात. तुम्ही साताऱ्याचे, महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी तुम्हाला हिवाळाभर ताजी मिळते, तिच्यापासूनच सुरुवात करा. ती आंबट आहे, कच्ची घातली तर दूध फाटायची भीती आणि तिच्यातल्या पाण्याचे खडे होतात. साखर घालून शिजवून घट्ट करा, गार करा, आणि हँडल जड व्हायला लागल्यावर घाला. हापूसचा रस मिश्रण गार झाल्यावर. सीताफळाला मात्र आच लावायची नाही, गर तापला की कडवटपणा येतो. बिया हाताने काढा, मिक्सरमध्ये अजिबात नको, बी फुटली तर सगळं वाया. थंडगार गर शेवटच्या पाच मिनिटांत घाला. माझ्या मते पॉटमध्ये सीताफळाच्या तोडीचं दुसरं काही होत नाही.

इलेक्ट्रिक मशीनपैकी स्वतः थंड करणारं असेल तर ते उत्तम काम करतं, पण महाग पडतं. भांडं आदल्या दिवशी फ्रीझरमध्ये ठेवायचं असतं ते स्वस्त, पण एका घाण्यात त्याची थंडी संपते. चार माणसांना ठीक, सुट्टीत भावंडं जमली की अपुरं.

उरलं तर पसरट स्टीलच्या डब्यात, वर बटर पेपर आइस्क्रीमला चिकटवून, फ्रीझरच्या तळाशी ठेवा. दार उघडझाप झाली की थोडं वितळून परत गोठतं आणि स्फटिक वाढतात, म्हणून तीन-चार दिवसांत संपवा. पॉट, दांडा, दात्यांची चाकं गोड्या पाण्याने लगेच धुऊन कोरडी करा. आणि बादलीतलं खारं पाणी तुळशीत किंवा परसात ओतू नका, थेट मोरीत सोडा. कृष्णाकाठी क्षारपड झालेल्या जमिनी आम्ही पाहतो आहोत, मीठ मातीत गेलं की लवकर निघत नाही.