ब्रिजमधली ‘रिले’ पद्धतीची बोली नेमकी काय असते आणि ती समजून कशी घ्यायची?

तुम्ही लिहिलंय की ऑनलाइन खेळताना समोरच्या जोडीतला एक जण दर वेळी भिडूच्या बोलीच्या लगेच वरची बोली लावत गेला, भिडू काहीबाही सांगत राहिला आणि मग पहिल्याने एकदम ६ इस्पिक (इस्पिक हुकूम धरून तेरापैकी बारा हात, म्हणजे फेऱ्या, जिंकायची बोली) म्हणून विषय संपवला. तुम्ही प्रत्येक बोलीचा अर्थ शोधत बसलात. गाडी तिथेच अडली, कारण त्यातल्या निम्म्या बोलींना अर्थच नव्हता.

आपण नेहमी खेळतो त्या पद्धतीत दोघे भिडू आळीपाळीने आपापल्या हाताबद्दल थोडंथोडं सांगतात. रिलेमध्ये कामाची वाटणी होते. एक जण फक्त विचारतो, दुसरा फक्त उत्तर देतो. विचारणाऱ्याची बोली म्हणजे ‘बरं, पुढे बोल’ एवढंच. त्याने २ बदाम म्हटलं तर त्याच्याकडे बदाम असतील किंवा नसतील, त्याचा काही संबंध नाही. २ बदाम ही त्या क्षणी सगळ्यात स्वस्त बोली होती, म्हणून ती लावली.

स्वस्त बोलीलाच एवढं महत्त्व का? बोलीची शिडी लहान असते, म्हणून. १ किलवरपासून ७ नोट्रम्पपर्यंत (नोट्रम्प म्हणजे हुकूमच नाही; चढता क्रम किलवर, चौकट, बदाम, इस्पिक, नोट्रम्प) पायऱ्या ३५, आणि ३ नोट्रम्पपर्यंत तर फक्त १५. उलट तेरा पानं चार सूटमध्ये विभागली जाण्याचे प्रकार ५६०. एवढं सगळं एवढ्याशा जागेत बसवायचं, तर विचारणाऱ्याने एकही पायरी वाया घालवून चालत नाही.

एक छोटा नमुना देतो. हा समजावण्यापुरता मी जुळवलाय, कोणाची प्रसिद्ध पद्धत म्हणून पाठ करू नका. समजा भिडूने आधीच सांगितलंय की त्याच्याकडे पाच इस्पिक आणि चार बदाम आहेत. उरली चार पानं चौकट आणि किलवरमध्ये. (पुढचे आकडे इस्पिक-बदाम-चौकट-किलवर या क्रमाने.) म्हणून शक्यता पाचच: ५-४-२-२, ५-४-३-१, ५-४-१-३, ५-४-४-० आणि ५-४-०-४. मी २ बदाम म्हणून विचारतो. भिडू २ इस्पिक म्हणाला तर चौकट कमी. मी २ नोट्रम्प म्हणून पुन्हा विचारतो, तेव्हा ३ किलवर म्हणजे ५-४-१-३ आणि ३ चौकट म्हणजे ५-४-०-४. पण पहिल्याच प्रश्नाला त्याने २ नोट्रम्प म्हटलं तर ५-४-२-२, थेट ३ किलवर म्हटलं तर ५-४-३-१, थेट ३ चौकट म्हटलं तर ५-४-४-०.

म्हणजे २ इस्पिक ते ३ चौकट या चारच पायऱ्यांत पाचही हात वेगळे ओळखता आले. तीन पायऱ्या असत्या तर तीन हात बसले असते, पाच असत्या तर आठ. १, २, ३, ५, ८... ही फिबोनाचीची मालिका, आणि रिले पद्धती रचणारे तिच्या हिशेबानेच पायऱ्या वाटतात. जास्त वेळा येणारे हात खालच्या पायरीवर ठेवायचे, म्हणजे त्यांना पुढे बोलायला जागा उरते. शाळेत मात्रावृत्तं शिकताना लघु-गुरू मोजलेत ना? चार मात्रा लघु-गुरूंनी भरायच्या रीतीही बरोबर पाचच होतात. हेमचंद्राने बाराव्या शतकात छंदांसाठी हाच हिशेब मांडला होता, फिबोनाचीच्या सुमारे पन्नास वर्षं आधी. मला हे कळलं तेव्हा रिलेची भीती अर्धी गेली.

आता यातून मिळतं काय? समजा भिडूकडे चौकटचं एकच पान आहे हे कळलं. माझ्याकडे चौकटचे राजा-राणी-गुलाम असतील, तर ते सहा गुण (राजा ३, राणी २, गुलाम १) बहुतेक फुकट आहेत, मी मुकाट ४ इस्पिकवर थांबेन. त्याऐवजी चौकटचा एक्का आणि तीन फालतू पानं असतील, आणि माझी ताकद दुसरीकडे असेल, तर स्लॅमकडे (बारा किंवा तेरा हात जिंकायच्या बोलीकडे) बघेन. गुण सारखे, किंमत वेगळी. नेहमीच्या बोलीत हे अंदाजाने ठरतं, इथे कळून ठरतं.

हाताचा आकार कळला की पुढचा प्रश्न ताकदीचा. बऱ्याच जोड्या एक्क्याला २ आणि राजाला १ ‘कंट्रोल’ धरतात. गड्डीत असे एकूण १२. माझ्याकडे ७ असतील आणि भिडूने ४ सांगितले, तर बाहेर फक्त एक राजा उरला. नंतर भिडू लांब सूटपासून सुरू करून एकेक सूट तपासत जातो: वरचं मोठं पान असेल तर पायरी ओलांडायची, नसेल तिथे थांबायचं. हा भाग सुरुवातीला सोडून द्या. आम्ही वर्षभर सोडला होता.

मूळ कल्पना जुनी आहे. फ्रान्सचा पिएर गेस्तेम हा १९५६ मध्ये बर्म्युडा बोल (ब्रिजची जागतिक सांघिक स्पर्धा) जिंकणाऱ्या संघात होता आणि ड्राफ्ट्स या पटावरच्या खेळातही जगज्जेता होता. त्याच्या पद्धतीत रिले होते. पुढे न्यूझीलंडमध्ये ‘सिमेट्रिक रिले’ तयार झाली. तिची खुबी अशी की कुठल्याही सूटपासून सुरुवात झाली तरी शेवटच्या पायऱ्या त्याच राहतात, त्यामुळे दहा तक्ते पाठ करायची गरज नाही.

तोटे सांगायलाच हवेत, कारण रिलेचे भक्त ते सांगत नाहीत. विरोधकाने मध्येच बोली घातली की पायऱ्यांचा हिशेब कोलमडतो. म्हणून बहुतेक रिले १६ किंवा जास्त गुणांच्या १ किलवरनंतर, गेमपर्यंत (बोनस मिळवून देणाऱ्या बोलीपर्यंत) जायचं नक्की असतानाच वापरतात. शिवाय कृत्रिम बोलीला ‘डबल’ ही विरोधाची बोली लावून विरोधक ‘याची उतारी कर’ असं आपल्या भिडूला आरामात सांगतो. आणि स्मरणशक्ती! एकदा माझा हात ५-४-३-१ होता. वरच्या नमुन्याप्रमाणे मी थेट ३ किलवर म्हणायला हवं होतं. मी २ इस्पिक म्हणालो, भिडूने २ नोट्रम्प विचारलं, तेव्हा चूक लक्षात आली आणि घाईत मी ३ किलवर म्हणालो. त्याने साहजिकच माझ्याकडे चौकटचं एकच पान धरलं. त्याच्याकडे चौकटचा एक्का आणि तीन बारकी पानं, किलवरचे राजा-राणी-गुलाम. तो खुशीत ६ इस्पिकवर गेला. चौकटची उतारी आली. चौकटचे दोन हात गेले, किलवरच्या एक्क्याचा एक गेला. दोन हात कमी. तो एवढंच म्हणाला, “अरे, निदान गप्प तरी बसायचंस.”

एक फायदा मात्र कमी लोकांच्या लक्षात येतो. सगळं सांगून झालेला हात डमी म्हणून, म्हणजे उघडा, टेबलावर पडतो आणि खेळणाऱ्याचा हात विरोधकांना पूर्ण अंधारात राहतो. हुकमाचं नाव जोडीत ज्याने आधी घेतलं तोच डाव खेळतो; त्यामुळे यासाठी इस्पिकचं नाव विचारणाऱ्याच्याच तोंडून पहिल्यांदा यावं लागतं, म्हणून चांगल्या पद्धतीत उत्तर देणारा स्वतःची लांब सूट दुसऱ्याच बोलीने सांगतो.

तुम्ही सुरुवात कुठून करावी? तुम्ही आधीच रिले खेळता आहात. १ नोट्रम्पनंतरचा २ किलवर (स्टेमन) आणि एक्के विचारणारा ४ नोट्रम्प (ब्लॅकवूड) हे दोन्ही प्रश्नच आहेत, रिले म्हणजे असे प्रश्न ओळीने. प्रिसिजनसारखी, १६ गुणांचा १ किलवर असलेली एखादी पद्धत घ्या, फक्त १ किलवर आणि त्याच्या चांगल्या उत्तरांपुरता एकच तक्ता बसवा, आणि भिडूबरोबर रोज पाच-सहा हात नुसती बोली लावून बघा, खेळ नको. तक्ता लांबवायचा मोह होईल, तो आवरा.

आणि त्या जोडीबद्दल. मेंढीकोटात डोळे मिचकावून भिडूला सांगायचो तसं हे नाही; इथे प्रत्येक उत्तराचा अर्थ विरोधकाला सांगावाच लागतो. पण दर बोलीला विचारत बसू नका. बोली संपली आणि उतारी तुमची असली, की पान टाकण्याआधी विचारणाऱ्याला एकच प्रश्न करा: ‘तुझ्या भिडूने आतापर्यंत काय काय सांगितलं?’ तो म्हणेल, पाच इस्पिक, चार बदाम, एक चौकट, तीन किलवर, चार कंट्रोल. म्हणजे टेबलावर येणारा हात तुम्हाला आधीच बराचसा दिसला. मग उतारी ठरवा.